सुनंदाताईंचा काळा स्क्रीन

माझ्या धंद्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी लगेच सांगेन, "नवीन येतंय म्हणे." हे वाक्य लोक हळू आवाजात बोलायचे, शेजारच्या घरातल्या आजारपणाविषयी बोलावं तसं. ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. आमच्या हिने तर निदानच करून टाकलं होतं. मला दर दोन-तीन वर्षांनी ॲसिडिटीचा जोर होतो आणि तो नेमका नवी विंडोज बाजारात यायच्या आधी होतो, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांना मात्र तिने हे कधी सांगितलं नाही. त्यांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटरही मीच सांभाळत होतो, उगाच त्यांच्या मनात शंका नको.

सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी अशोकस्तंभाजवळ एका जिन्याखालच्या गाळ्यात बसायला लागलो, तेव्हा नाशकात कॉम्प्युटर बघायला लोक चपला काढून आत यायचे. माझं काम दोन प्रकारचं. एक म्हणजे वर्षभराच्या कंत्राटावर लोकांची मशीनं चालू ठेवायची. दुसरं, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे छोटे प्रोग्रॅम लिहून द्यायचे. कुणाला लॉजच्या खोल्यांसाठी, कुणाला गोदामातल्या मालासाठी. हे सगळे प्रोग्रॅम डॉसवर चालत. आताच्या मुलांना डॉस सांगायचा तर काळा स्क्रीन, त्यावर हिरवट पांढरी अक्षरं, माउस नाही, चित्रं नाहीत. वरच्या ओळीतली एक कळ दाबली की वजन, दुसरी दाबली की प्रिंट, बस्स.

आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या मशीनचा कारभारी. काय कुठे ठेवायचं, प्रिंटर कुणाला द्यायचा, कुणाला आत घ्यायचं, हे तो ठरवणार. माझे प्रोग्रॅम म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं. जुना कारभारी जाऊन नवा आला, की तो या माणसांना ओळख देईल की दारातूनच परत पाठवील, हे आधी कुणालाच सांगता यायचं नाही. माझं पोट त्या माणसांवर चालत होतं, त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला.

नवीन काही येणार असलं की आम्ही कॉम्प्युटरवाले संध्याकाळी सीबीएस बसस्टँडच्या मागे एका चहाच्या टपरीवर जमायचो. तिथे दोन तट पडत. एका तटाचा म्होरक्या दिवाकर. तो नवी मशीनं विकायचा, त्यामुळे नवं काहीही आलं की त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळायचा. दुसऱ्या तटाचा मी.

"या खेपेला डॉस काढूनच टाकलाय म्हणे," दिवाकर म्हणायचा.

"मागच्या खेपेलाही तू हेच म्हणत होतास."

"मागच्या खेपेला चुकून राहिला."

"चुकून कसा राहील? लोकांची कामं आहेत त्याच्यावर."

"देवरे, तुझी कामं आहेत त्याच्यावर. लोकांना रंगीत पाहिजे."

यावर मी दुसरा चहा सांगायचो.

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. त्र्यंबकेश्वरला वसंतराव म्हणून एक लॉजवाले होते. त्यांना कॉम्प्युटर घ्यायचा होता, अगदी मनापासून घ्यायचा होता. पण पंच्याण्णवची विंडोज येणार म्हणून ते थांबले. ती आली, तेव्हा म्हणाले, पहिल्या खेपेच्या मालात दोष असतात, लोकांनी वापरून होऊ द्या. लोकांनी वापरून होईपर्यंत पुढचीची बातमी आली. असे ते वर्षानुवर्षं थांबले. नाशकात बाजाराला आले की माझ्या गाळ्यात टेकायचे आणि एखाद्या स्थळाची चौकशी करावी तसं नव्या सिस्टिमविषयी विचारायचे. स्वभावाला कशी आहे, जुन्या माणसांशी जमवून घेते का, मागणं फार नाही ना. मी एखाद्या नव्या सिस्टिमबद्दल तक्रार केली की खूष होऊन म्हणायचे, "बघा, थांबलो ते बरं झालं की नाही?" मी त्यांना हसायचो खरा, पण आमच्या दोघांची भीती एकाच जातीची होती. ते विकत घेत नव्हते आणि मी बदलू देत नव्हतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पिंपळगाव बसवंतला दौलतअण्णांचं कोल्ड स्टोरेज होतं. हंगामात बागेतून द्राक्षं क्रेटमधून येत, बाया घड साफ करून वजनं करून पेट्या भरत, पेट्या थंड होत आणि मग कंटेनरमध्ये चढून बंदराकडे जात. परदेशातल्या खरेदीदाराला प्रत्येक पेटीचा माग लागायचा. कोणती बाग, कोणत्या दिवशी भरली, कोणत्या थंड चेंबरमध्ये होती. हा माग ठेवायचा प्रोग्रॅम माझा. कंटेनर निघताना त्याच्याबरोबर पेट्यांची छापील यादी गेली नाही, तर कंटेनर फाटकातून हलायचा नाही, आणि द्राक्ष काही वाट बघणारं फळ नाही.

या प्रोग्रॅमवर सुनंदाताई बसत. त्यांचे यजमान, रघुनाथराव, अण्णांचाच टेम्पो चालवायचे. ताई आधी पॅकिंगला होत्या. थंडगार शेडमध्ये दिवसभर उभं राहून घड निवडायचे, हंगाम संपला की घरी बसायचं. अण्णांनी कॉम्प्युटरवर बसवलेली शिकलेली पोरं हंगामाच्या ऐन मध्यात नाशिकला पळून जायची, म्हणून वैतागून त्यांनी बारावी झालेल्या ताईंना खुर्चीवर बसवलं. ही खुर्ची बारमाही होती. ताईंनी आठवड्याभरात कळा पाठ केल्या. पुढेपुढे तर त्या दारातल्या हमालाशी बोलता बोलता वजन चढवायच्या आणि बोटं आपली चालूच.

दिवाकरने अण्णांना पहिलं रंगीत मशीन आणून दाखवलं, तो दिवस मला नीट आठवतो. स्क्रीनवर ढगांचं निळं चित्र होतं. अण्णा, दिवाकर, मुकादम सगळे भोवती गोळा झालेले, आणि ताई दाराला टेकून उभ्या. आत येईनात. थोड्या वेळाने मी वजनकाट्याकडे गेलो तर मागोमाग आल्या.

"सर, एक इचारू? हे आलं म्हंजी मी परत पॅकिंगला का?"

"कोण म्हणालं?"

"मुकादम म्हनतोय. आता शिकलेला मानूस लागंल. मला तर ते उंदरासारखं हातात बी धरता येत नाय."

त्यांच्या आवाजात रडं नव्हतं. भाव विचारावा तसं विचारलं. पण मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याच भीतीने तिथे उभा होतो. मी आत गेलो, दिवाकरचा मॉनिटर भिंतीकडे फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ताई, तिकडं बघू नका. मी आहे तोवर तुमचा स्क्रीन काळाच राहील."

दिवाकर हसला. ताई मात्र आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि मी शब्द देऊन बसलो.

तो शब्द पाळायला मी काय काय केलं! नवी सिस्टिम आली की तिच्या पोटात एका कोपऱ्यात जुना काळा स्क्रीन उघडायची सोय असे, ती शोधून काढायची. वजनकाट्याची वायर नव्या मशीनला बसेना, तेव्हा भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून तशा जोडण्या गोळा केल्या. दोन हजार साल येताना तारखेच्या घोळाने कॉम्प्युटरांची जगबुडी होणार म्हणून सगळे हवालदिल झाले होते, तेव्हाही मी आधी पिंपळगावला गेलो आणि मग बाकीच्या गिऱ्हाइकांकडे. विंडोजची एक्सपी आली, तिच्यातूनही आम्ही सुखरूप बाहेर पडलो. दर खेपेला बातमी फुटली की ताईंचा फोन यायचा.

"सर, पेपरात आलंय. नवीन येतंय म्हनं."

"येऊ द्या. आपलं चालणार."

"नक्की ना?"

"नक्की."

फोन ठेवला की मी औषधाची गोळी घ्यायचो.

ताईंची एक पद्धत होती, तीही सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. तेव्हा भारनियमन जोरात होतं. कोणत्या वारी किती वाजता लाईट जाणार याचं वेळापत्रक ताईंच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलेलं असे. चेंबरला जनरेटर होता, पण ऑफिसला नाही. जनरेटरच्या विजेच्या कमीजास्त दाबाने अण्णांचा एक मॉनिटर जळाला होता, तेव्हापासून अण्णांचा हुकूम, जनरेटर द्राक्षांसाठी, माणसांसाठी नाही. ऑफिसात एक जुना इन्व्हर्टर, त्यावर ट्यूब आणि पंखा कसाबसा चालायचा. त्यामुळे लाईट जायच्या जरा आधी ताई काम सेव्ह करणार, मशीन बंद करणार, त्यावर शिवलेलं कापडी झाकण घालणार. वर्षानुवर्षं यात खंड नाही. सबंध पिंपळगावात लाईट गेल्यामुळे ज्याचं मशीन कधी बिघडलं नाही असं हे एकच ऑफिस असेल.

मग अण्णांचा भाचा निखिल पुण्याहून यायला लागला. तिथल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरमध्ये होता. पोरगा वाईट नव्हता. मला काका म्हणायचा, वाकून नमस्कार करायचा आणि लगेच उभा राहून माझं सगळं कसं जुनाट आहे ते सांगायचा. त्याने त्या वेळची अगदी नवी सिस्टिम असलेलं मशीन आणलं. या खेपेला पहिल्यांदाच माझा काळा स्क्रीन पूर्ण उघडेना. मोठ्या रंगीत पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढा काळा चौकोन आला, आणि ताई त्यात डोकं घालून काम करायला लागल्या. त्यांना चष्मा लागला तो त्याच वर्षी. मी म्हणालो, "चालतंय ना?" त्या म्हणाल्या, "चालतंय." दोघांनाही ठाऊक होतं की हे फार दिवस चालणारं नाही.

निखिलने आणखी एक केलं. मशीन इंटरनेटला जोडून सिस्टिमची दुरुस्ती आपोआप होईल अशी सोय करून ठेवली. कंपनी दुरुस्त्या पाठवणार आणि मशीन स्वतःच त्या बसवून घेणार. ताईंना तो म्हणाला, "तुम्ही कशाला हात लावू नका, ते आपलं आपण होतं." आणि पुण्याला निघून गेला.

फेब्रुवारीत, हंगाम ऐन भरात असताना, दुपारी उशिरा मला अण्णांचा फोन आला. मशीन चालू होत नाहीये. सुरू होतं, अर्ध्यात जातं, पुन्हा सुरू होतं. फाटकात कंटेनर उभा आहे, माल चढून झालाय, यादी निघत नाहीये. मी स्कूटर काढली आणि आग्रा हायवेला लागलो. वाटेत प्रत्येक ट्रकमागे अडकलो, की मनातल्या मनात एकेक शक्यता मांडायचो, आणि प्रत्येक शक्यता आधीच्याहून वाईट निघायची. ओझरच्या पुढे गेल्यावर तर सरळ मागे फिरावं असं वाटलं.

पोहोचलो तेव्हा ऑफिसात अण्णा खिडकीशी. ताई खुर्चीच्या मागे उभ्या, खुर्चीवर नाही.

"काय झालं नेमकं?"

ताईंनी सरळ सांगितलं. "मी वजनं चढवून झाल्यावर मशीन बंद कराया घेतलं, तर निळा पडदा आला. इंग्रजीत लिव्हलं व्हतं, काम चालू हाय, बंद करू नका. पन लाईट जायची टायम झाली व्हती."

"आणि तुम्ही बंद केलंत."

"मंग काय करनार? मी नाय बंद केलं तर लाईट बंद करनार. मंग आपल्या हातानं केलेलं बरं."

मला यात चूक दाखवता येईना. मशीन आपली जुनी माणसं काढून नवी बसवत होतं आणि अर्ध्यावर बटण बंद झालं होतं. ना जुनी जागेवर, ना नवी.

लाईट तोवर परत आली होती. मी सिस्टिमची सीडी काढली. दुरुस्तीचा एक मार्ग होता, आकडे तसेच ठेवून सिस्टिम आदल्या दिवशीच्या स्थितीत परत न्यायची. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात पुन्हा लाईट गेली तर मग देवच आठवायचा. मी सुरुवात केली. स्क्रीनवर एक पट्टी मुंगीच्या चालीने सरकायला लागली. तेवढ्यात मुकादम सांगत आला की सबस्टेशनला काहीतरी बिघाड झालाय, लाईट परत जाणार.

अण्णा खिडकीपासून वळले. "जनरेटरवर घ्या."

"जनरेटरवर नको. दाब वरखाली झाला तर आहे तेही जाईल."

"मग इन्व्हर्टर?"

"त्याची बॅटरी ट्यूब धरत नाही, मशीन काय धरणार?"

ताई बाहेर गेल्या. परत आल्या त्या रघुनाथरावांना घेऊन, आणि रघुनाथरावांच्या हातात टेम्पोची बॅटरी होती. मालाने भरलेला टेम्पो तसाच शेडमध्ये सोडून त्यांनी ती काढून आणली होती. आम्ही दोघांनी ती इन्व्हर्टरला जोडली, ट्यूब आणि पंखा काढून टाकले, फक्त मशीन, मॉनिटर आणि प्रिंटर ठेवला. जोडून हात पुसतोय तोच लाईट गेली. इन्व्हर्टर कुरकुरला आणि सावरला. पट्टी सरकत राहिली.

त्या अंधारलेल्या ऑफिसात आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत उभे होतो. कंटेनरचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला, तोही बघायला लागला. मला यादीची काळजी होती, अण्णांच्या मालाची होती, पण सगळ्यांत जास्त धास्ती होती ती मागे उभ्या असलेल्या बाईची. हे मशीन उठलं नाही तर ताई उद्या पॅकिंगला उभ्या राहणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मशीन उठलं. काळा चौकोन उघडला. ताई खुर्चीवर बसल्या, कळ दाबली, आणि प्रिंटर करकर करायला लागला. इतका गोड करकराट मी आयुष्यात ऐकला नाही. यादी ड्रायव्हरच्या हातात पडली आणि कंटेनर गेला.

तेवढ्यात पुण्याहून निखिलचा फोन. अण्णांनी मोबाइल स्पीकरवर टाकला. "मामा, मशीन कुणी बंद केलं?"

मी मध्ये पडलो. "अरे, लाईटचा घोळ झाला..."

"मी केलं," ताई म्हणाल्या. "बंद करू नका लिव्हलेलं वाचलं बी व्हतं. पन निखिलदादा, तुमी म्हनता हात लावू नका. सर म्हनत्यात तिकडं बघू नका. मंग मला कळायचं कसं, ह्यात काय चाललंय ते?"

मी बॅटरीच्या वायरी गुंडाळायला लागलो, त्याची तशी काही गरज नव्हती. ताईंचा आवाज चढलेला नव्हता. पण त्यांच्या तोंडून माझंच वाक्य ऐकलं आणि मला खाली बघावं लागलं. अण्णा एवढंच म्हणाले, "हंगाम संपू दे. मग बघू."

हंगाम संपेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मग एका दुपारी अण्णांनी आम्हाला बोलावलं. निखिल पुण्याहून आला होता आणि त्याने नवंच प्रकरण काढलं होतं, क्लाउड. प्रोग्रॅम आणि सगळे आकडे आपल्या मशीनमध्ये ठेवायचेच नाहीत. एका कंपनीच्या मोठ्या मशीनवर ठेवायचे आणि इंटरनेटवरून वापरायचे. महिन्याला भाडं. आपलं मशीन बिघडलं तरी शेजारच्या मशीनवरून काम चालू.

"क्लाउड म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"ढग, मामा. नुसतं नाव आहे ते."

"नाव तरी दुसरं शोधायचं. द्राक्षवाल्याच्या दारात येऊन ढग विकतोस?" अण्णा हसले नाहीत. ढगाळ हवेत द्राक्षावर पडणारे डावणी आणि भुरीचे रोग काय करतात ते त्यांनी बघितलेलं होतं. "आणि माल माझा, कोल्ड स्टोरेज माझं, आकडे मात्र परक्याच्या घरी? त्यानं कुलूप लावलं म्हणजे? देवरे, तुम्ही बोला."

मी बोललो. भीती असलेला माणूस फार मुद्देसूद बोलतो. इंटरनेट बंद पडेल, कंपनी भाडं वाढवील, कंपनीच बुडेल, आकडे दुसऱ्याच्या हाती लागतील. यातलं खोटं काहीच नव्हतं. निखिल म्हणाला, "काका, फेब्रुवारीत हे असतं तर मी पुण्यातून यादी छापायला लावली असती." त्यातही खोटं काही नव्हतं, म्हणूनच मला त्याचा राग आला. वाद असा वाढत गेला आणि चहा निवत गेला. अण्णांची मान एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"अण्णा, मी बोलू का?" ताई म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली.

"शेतकरी आपल्याकडं माल ठिवतोच की. त्याचं घर सोडून आपल्या चेंबरमधी ठिवतो, भाडं देतो, आन घरी जाऊन झोपतो. त्याच्या घरी कुठं चेंबर हाय? तसंच हाये का हे, निखिलदादा?"

निखिलने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तसंच आहे."

"मंग त्याला आपन काय सांगतो? पावती जपून ठेव, मधून मधून येऊन बघून जा. आपुन बी तसंच करू. आपली एक नक्कल आपल्यापाशी ठिवायची."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मोठा निर्णय घेताना ते असंच करत. "ठीक आहे. घ्या भाड्यानं. पण बसणार कोण त्याच्यावर?"

"नाशिकचा एखादा ग्रॅज्युएट बघू," निखिल म्हणाला.

"मला पावसाळाभर द्या," ताई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत नाय जमलं, तर मी माझ्या पायानं पॅकिंगला जाते."

मी चमकून पाहिलं. इतकी वर्षं जी खुर्ची मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, ती त्यांनी स्वतःच डावावर लावली होती. त्या मला स्कूटरपर्यंत सोडायला आल्या, तेव्हा मी म्हणालो, "ताई, कशाला असं बोललात? मी काहीतरी केलं असतं अजून."

"सर, तुमी लय केलं," त्या म्हणाल्या. "पन दर साली पेपरात बघायचं आन जीव मुठीत धरायचा, ह्याचा मला कंटाळा आला."

त्या पावसाळ्यात ताईंचा एकही फोन आला नाही. आधी फोन आला की माझ्या पोटात दुखायचं, आता येईना म्हणून दुखायला लागलं. एकदा मीच कारण काढून अण्णांना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. अण्णा म्हणाले, "ती आणि निखिल रोज फोनवर भांडतात. दोघांचं काय चाललंय मला कळत नाही." त्यावरून बरं समजावं की वाईट, ते मला ठरवता येईना. दिवाळी झाली. कुणी काही कळवलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याच सुमारास त्र्यंबकच्या वसंतरावांनी अखेर कॉम्प्युटर घेतला आणि लॉजचं सगळं बुकिंग थेट क्लाउडवर टाकलं. डॉस नाही, विंडोजची भांडणं नाहीत, मधल्या सगळ्या कटकटींतून ते कोरडे निघाले. मला फोन करून म्हणाले, "थांबलो ते बरं झालं." मी हो म्हणालो.

पुढच्या हंगामात अण्णांचा निरोप आला, जुनं मशीन भंगारात चाललंय, तुम्हाला हवं तर घेऊन जा. मी गेलो. कंत्राट आता उरलं नव्हतं, त्यामुळे पिशवीत स्क्रू ड्रायव्हर नव्हते, आणि हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

खुर्चीवर ताईच होत्या. दारातल्या हमालाशी बोलत होत्या आणि हात उंदरावर चालूच होता. मी पाहिलं आणि दारातच थांबलो. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून भिंतीवरचं भारनियमनाचं वेळापत्रक वाचत उभा राहिलो.

"या सर, बसा." त्यांनी बाजूला स्टूल ओढलं आणि चहा सांगितला. आम्ही रघुनाथरावांविषयी बोललो, चष्म्याच्या नंबराविषयी बोललो. बोलता बोलता त्यांच्या स्क्रीनवर निळा पडदा आला. काम चालू आहे, बंद करू नका. मी आपोआप वर घड्याळाकडे पाहिलं, मग वेळापत्रकाकडे. लाईट जायची वेळ अगदी जवळ आली होती.

"ताई..."

"माहीत हाय सर. मीच चालू केलंय ते. मशीनला येगळा नवा इन्व्हर्टर हाय, आन यादी तिकडं वर हायेच. होऊ द्या."

मला ते पटत होतं. तरी माझे डोळे त्या पट्टीवरून हलेनात. पट्टी सरकत नव्हती, की सरकत होती, तेही सांगता येईना. माझा हात आपोआप खिशातल्या गोळ्यांकडे गेला.

ताईंनी ते पाहिलं. त्यांनी हात पुढे केला आणि मॉनिटर भिंतीकडे फिरवला.

"तिकडं बघू नका, सर. चहा घ्या."

लाईट गेली. वरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. मी दचकून उठायला लागलो, तर ताई आपल्या बशीत चहा ओतत होत्या, आणि त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.